‘ब्लू पिल’ निर्लेखित करण्यापूर्वी

मा. संपादक,

अभियांत्रिकी आणि पदविका महाविद्यालयांत प्रकल्पांचे दिवस आले की प्रयोगशाळेच्या कपाटात ‘जळालेल्या’ ब्लू पिल बोर्डांचा ढीग वाढू लागतो. एसटीएम३२एफ१०३सी८ या मायक्रोकंट्रोलर चिपचे हे छोटे निळे बोर्ड पुष्कळदा धडधाकट असतात. चुकीच्या फर्मवेअरने (चिपमध्ये चढवलेल्या प्रोग्रॅमने) आत शिरायची वाट तेवढी बंद केलेली असते.

खूण सोपी आहे. पॉवरचा दिवा लागतो, मल्टिमीटर ३.३ व्होल्ट दाखवतो, चिप तापत नाही. पण एसटी-लिंकला, म्हणजे संगणकावरून चिपमध्ये प्रोग्रॅम चढवणाऱ्या उपकरणाला, चिप सापडत नाही. प्रोग्रॅमिंगच्या दोन तारा पीए१३ आणि पीए१४ या पिनांवर येतात. क्यूबएमएक्स या चिपची सेटिंग करून कोड तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सिस’खालचा ‘डीबग’ पर्याय ‘सिरियल वायर’ न करता तसाच सोडला, तर तयार झालेला कोड सुरू होताच या पिनांवरचे डीबग बंद करू शकतो. पहिल्यांदा प्रोग्रॅम बिनबोभाट चढतो, दुसऱ्यांदा अडतो. मधल्या वेळात बोर्ड गेला, असे मुलांना वाटणारच.

तो कोड चालूच होऊ द्यायचा नाही, एवढाच उपाय. ‘बूट०’चा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) १ वर न्यावा, ‘बूट१’ ० वरच ठेवावा आणि रीसेट दाबावे. चिप आता फ्लॅशमधल्या (आपला प्रोग्रॅम साठवणाऱ्या मेमरीतल्या) कोडऐवजी कारखान्यात भरलेला बूटलोडर, म्हणजे नवा प्रोग्रॅम स्वीकारणारा छोटा प्रोग्रॅम, चालवते, आणि तो आपल्या हातून पुसला जात नाही. मग एसटी-लिंकच्या चार तारा (३.३ व्होल्ट, ग्राउंड, एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके) जोडून क्यूबप्रोग्रामर या चिप पुसण्या-भरण्याच्या सॉफ्टवेअरमधून पूर्ण चिप पुसावी. जंपर आठवणीने ० वर आणावा, नाहीतर नवा प्रोग्रॅम चढूनही रीसेटनंतर चालत नाही. ‘डीबग’ची सेटिंग न बदलता जुनीच फाईल चढवली, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जंपर हरवला असेल तर मधली पिन आणि १ ची पिन फीमेल-फीमेल तारेने जोडली तरी भागते.

जंपरला हात न लावताही जमते: रीसेट दाबून धरावे, संगणकावर ‘कनेक्ट’ करावे आणि लगेच बटण सोडावे. वेळ साधायला दोन-चार प्रयत्न लागतात. स्वस्त एसटी-लिंकवरच्या ‘आरएसटी’ पिनेवर मात्र विसंबू नये. अनेक नकली डोंगलमध्ये ती या कामाची नसते.

एसटी-लिंकच नसेल तर यूएसबी-सिरियल अडॅप्टर चालतो. ‘बूट०’ १ वर ठेवून अडॅप्टरचा टीएक्स पीए१० ला, आरएक्स पीए९ ला आणि ग्राउंड ग्राउंडला जोडावे. संगणकावरच्या सिरियल सेटिंगमध्ये पॅरिटी ‘इव्हन’ हवी. बोर्डाचीच यूएसबी केबल लावून वाट पाहण्यात अर्थ नाही, कारण या चिपच्या बूटलोडरला यूएसबी येतच नाही. संगणकावर काही दिसले नाही म्हणून बोर्ड मृत ठरवणारे इथेच फसतात.

चिप सापडते पण वाचू देत नसेल, तर रीडआउट प्रोटेक्शन (आतला प्रोग्रॅम वाचू न देणारे कुलूप) लागलेले असते. ऑप्शन बाइट्समधून (चिपच्या कायम सेटिंगमधून) ते काढताना आतला प्रोग्रॅम पूर्ण पुसला जातो. त्यानंतर नुसते रीसेट न करता वीज काढून पुन्हा द्यावी. एसटीएम३२च्याच एफ४ मालिकेतल्या चिपमध्ये मात्र हेच प्रोटेक्शन पातळी २ वर गेले तर परतीचा मार्ग नाही. तिथे प्रयोग म्हणूनही तो पर्याय निवडू नये.

३.३ च्या पिनेवर चुकून ५ व्होल्ट गेलेला, हात लावताच चटका देणारा बोर्ड खुशाल निर्लेखित करावा. बाकीच्यांची डेड स्टॉक रजिस्टरमध्ये निर्लेखित म्हणून नोंद करण्याआधी ‘बूट०’ची चाचणी प्रयोगशाळा सहायकांनी सक्तीची करावी, ही विनंती.

— इलेक्ट्रॉनिक्सचा एक शिक्षक, कोल्हापूर