साकव मागायचा तो कोणाकडे?

प्रिय वसंता,
स. न. वि. वि.

आम्ही सर्व कुशल आहोत. माझा गुडघा पूर्वीसारखाच आहे. पत्र लिहायला बसलो ते बापूमुळे. परवा देवळासमोरच्या मांडवात जिल्हा परिषदेची प्रचारसभा झाली. तीत एका पुढाऱ्याने उघड सांगितले की दिल्लीत आपले सरकार, मुंबईत आपले सरकार, पालकमंत्रीही आपलेच. आता या गटातही आपला माणूस निवडून द्या, नाहीतर खालच्या वाडीचा साकव, म्हणजे ओढ्यावरचा तो लहानसा पूल, मागायला आमच्या दारी येऊ नका. टाळ्या पडल्या, आणि पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता आपला बापू. १९७७ साली दंडवत्यांच्या प्रचारासाठी रात्रभर भिंती रंगवणारा बापू! हे इथे कोणाला सांगितले तर तो म्हणेल, त्यात एवढे काय? तू तसे म्हणणार नाहीस.

पक्षाने मत मागावे, विरोधकावर तुटून पडावे, याबद्दल माझी तक्रार नाही; आपणही ते मनापासून केले. पण साकव जिल्हा वार्षिक योजनेतून होतो आणि तो पैसा मत देणाऱ्याचा तितकाच न देणाऱ्याचाही आहे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीत किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत असे ठरवले, ते कशासाठी? मार्च २०२२ मध्ये आपल्या जिल्हा परिषदेची मुदत संपली, प्रशासक बसले आणि वर्षानुवर्षे निवडणूकच झाली नाही. मग समितीत गावाच्या वतीने बोलायला उरले कोण? अध्यक्षस्थानी पालकमंत्री होते आणि दाराशी अर्ज घेऊन उभे असलेले आपण. मांडवातल्या त्या वाक्याला धार आली ती या रिकाम्या खुर्च्यांमुळे, असे माझे ठाम मत आहे.

ग्रामपंचायत तेवढी पक्षचिन्हाविना लढवली जाते, पण निकालाच्या संध्याकाळी प्रत्येक पक्ष आपापल्या सरपंचांची यादी जाहीर करतो, आणि त्या यादीत नसलेल्या गावाला आपण कोठे उभे आहोत ते समजते.

हा रोग एका पक्षाचा नाही. बारसूची जागा रिफायनरीसाठी सुचवणारे पत्र जानेवारी २०२२ मध्ये ज्या मुख्यमंत्र्यांनी केंद्राला लिहिले, तेच सत्ता गेल्यावर २०२३ मध्ये आंदोलकांना भेटायला बारसूला आले. सड्यावरची कातळशिल्पे आणि आंबा-काजूच्या बागा दोन्ही वेळी तिथेच होत्या.

तौक्तेवरून आपण किती भांडलो ते आठवते ना? मे २०२१ मध्ये ते वादळ आपली कलमे मोडून पुढे गेले, पंतप्रधानांनी गुजरातची हवाई पाहणी करून त्या राज्याला तातडीचे १००० कोटी जाहीर केले, आणि मुंबईत तेव्हा विरोधकांचे सरकार असल्यामुळे आपल्याला डावलले, असे मी म्हणालो. वादळ किनाऱ्याला लागले ते गुजरातेत, हे तुझे उत्तर. खरे कोणाचे, ते बाजूला ठेव. मला जाचते ते हे की पैसा पक्ष बघून वाटला जातो अशी लोकांची एकदा खात्री झाली की न्याय्य निर्णयावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आणि आपण उलट उदाहरण डोळ्यांनी पाहिलेली माणसे आहोत. १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ झाले तेव्हा केंद्रात जनता दल, महाराष्ट्र आणि कर्नाटकात काँग्रेस, केरळात नायनारांची डावी आघाडी. तरी केंद्राने ५१ टक्के, महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५, गोवा आणि केरळने प्रत्येकी ६ टक्के वाटा उचलला. दंडवते अर्थमंत्री, फर्नांडिस रेल्वेमंत्री. मुंबईत सरकार कोणाचे, हे विचारून त्यांनी रूळ अडवले नाहीत. राजापूरला गाडी आली तर मिशी काढीन, ही तुझी पैज होती. गाडी आली, मिशी अजून आहे; वहिनींनीच वाचवली असणार!

बापूला मी हे सगळे ऐकवले. तो शांतपणे म्हणाला, "पावसात पऱ्या भरला की वाडीतली पोरे लांबून फिरून शाळेत जातात. मला साकव हवा, कोणाच्याही हातून." त्याच्यावर रागावणे मला जमले नाही. पण हा साकव मताच्या बदल्यात आला, तर पलीकडच्या गावाचा साकव मताच्याच शिक्षेपायी राहील, आणि पुढच्या निवडणुकीत वारा फिरला की ती पाळी आपली.

अमेयच्या नोकरीचे कळले, फार आनंद झाला. वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले ना?

आता काम. १ मेच्या ग्रामसभेत मला ठराव मांडायचा आहे: वाडीवार साकवांची आणि पाखाड्यांची, म्हणजे पायऱ्यांच्या वाटांची, यादी, किती मुले आणि किती घरे अडतात या क्रमाने, नियोजन समितीकडे पाठवावी आणि कोणते काम का घेतले नाही याचे लेखी उत्तर मागावे. तू बांधकाम विभागात आयुष्य काढलेस. फाईल कोठे आणि कोणत्या शेऱ्याने अडते ते तुला ठाऊक. मसुदा तुझ्या हातचा हवा. सूचक म्हणून बापूचे नाव घालायचे आहे, तेव्हा त्याला फोनही तूच कर. माझ्याशी तो सध्या फक्त पावसापाण्याचे बोलतो.

तुझा,
मधू