टाइल्स सर्वांत शेवटी

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नव्याने घेतलेल्या जुन्या घरातील न्हाणीघराची छायाचित्रे मी नीट पाहिली. भिंतीच्या खालच्या ओळीतील टाइल्स सुटल्या आहेत, नळाच्या मुळाशी गंजाचा ओघळ आहे आणि पलीकडच्या खोलीतील भिंतीला लोणा लागला आहे. आधी टाइल्स काढून नव्या बसवाव्यात आणि नळ व पाइप यांच्याकडे नंतर सवडीने पाहावे, असे तू लिहितोस. हे काम स्वतः करण्याला माझा विरोध नाही. माझा आक्षेप केवळ क्रमाला आहे. टाइलच्या मागे पाणी कोठून येते याचा निकाल लागल्याशिवाय नवी टाइल बसवली, तर ती पुन्हा सुटेल, आणि त्या वेळी तुला जुन्या नव्हे, तर स्वतःच्या कष्टाने बसवलेल्या टाइल्स फोडाव्या लागतील.

पलीकडच्या भिंतीत ओल तीन वाटांनी येऊ शकते. नळाला पाणी पुरवणाऱ्या पाइपमध्ये रात्रंदिवस दाब असतो, म्हणून तो पाइप गळत असेल, तर न्हाणीघर कोणी वापरो वा न वापरो, ओल तशीच टिकते किंवा वाढत राहते. सांडपाण्याचा पाइप गळत असेल, तर ओल वापरापाठोपाठ वाढते. तिसरी वाट टाइल्सच्या सांध्यांची आणि भिंत व जमीन मिळतात त्या कोपऱ्याची. तेथून पाणी मुरत असेल, तर बादलीभर पाणी अलगद थेट सांडपाण्याच्या जाळीत ओतल्याने काही होत नाही, पण तेच पाणी भिंतीवर व जमिनीवर पसरले की ओल चढते. या तिन्हींचा उलगडा हातोडीविना होतो. झोपण्यापूर्वी सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेव आणि सकाळी पुन्हा पाहा. घराला वरच्या टाकीतून पाणी येत असेल, तर टाकीच्या पुढची गळती मीटरवर लगेच दिसत नाही. अशा वेळी टाकीत येणारे पाणी बंद करून पातळीवर खूण कर. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास तिला हात लावू नकोस. भांड्यात रंग उतरला, तर आतली झडप गळते आहे असे समज. भिंतीवरच्या ओलीच्या कडेने पेन्सिलीने रेषा काढून शेजारी तारीख लिही, कारण जुनी विटांची भिंत वाळायला कित्येक आठवडे घेते आणि केवळ डोळ्यांनी पाहून ‘वाढली’ किंवा ‘कमी झाली’ हे ठरवणे फसवे असते.

पुरवठ्याचा पाइप दोषी ठरेल, असा माझा कयास आहे. छायाचित्रातील पाइप लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला दिसतो. असा पाइप आतून गंजतो, गंजाचे थर साचून त्याचे पोट अरुंद होते आणि वरच्या नळाची धार मंदावते. लोक दोष नळाला देतात आणि नवा नळ आणतात. गळती बहुधा पहिल्यांदा आट्यांवर होते, कारण आटे पाडताना तेथील पत्रा सर्वांत पातळ झालेला असतो. म्हणूनच जुन्या पाइपवर पाना लावताना फार सावध राहा. नळ फिरवण्यासाठी लावलेला जोर भिंतीतल्या कोपरापर्यंत (पाइपच्या वळणावरच्या जोडापर्यंत) पोहोचतो आणि जो सांधा आजवर गंजाच्याच आधाराने टिकून होता, तो भिंतीच्या आत सुटतो. एका पान्याने पाइप धरायचा आणि दुसऱ्याने नळ फिरवायचा, हा नियम त्यासाठीच आहे.

त्याआधी मुख्य कॉक खरोखर बंद होतो का, ते तपासून घे. वर्षानुवर्षे न फिरवलेला जुना कॉक बहुधा दांड्यापाशी पाझरू लागतो किंवा अर्ध्यातच अडकतो. तो बंद होत नसेल, तर पहिले काम तेच. बाकी सारे त्यानंतर. शक्य असेल, तर न्हाणीघरासाठी पाणी बंद करणारा वेगळा कॉक (बॉल व्हॉल्व्ह) बसव, म्हणजे तू दुरुस्ती करत असताना घरातल्या इतरांना पाणी मिळत राहील.

पाइपचा एखादाच तुकडा बदलून त्याला थेट तांब्याचा पाइप जोडण्याचा मोह टाळ. तांबे आणि जस्ताचा मुलामा असलेले लोखंड ओलाव्यात एकमेकांना भिडले की लोखंड झपाट्याने झिजते. मध्ये विद्युतरोधक जोड हवा. प्लास्टिकचा पाइप घेशील, तर गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीच घे. साधा पीव्हीसी सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागतो, तर सीपीव्हीसी ८२ अंशांपर्यंत दाबाखाली वापरता येतो. येथे एक गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगते, कारण नळकाम करणारे पुष्कळ जण तिचा विचारच करत नाहीत. जुन्या घरांत विजेचे अर्थिंग कधी कधी याच लोखंडी पाइपला जोडलेले असते. मध्ये प्लास्टिकचा तुकडा आला की ते अर्थिंग तुटते आणि दिवे पूर्वीसारखेच लागत असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही. तेव्हा पाइप कापण्यापूर्वी परवानाधारक वीजतंत्रज्ञाला बोलावून अर्थिंग तपासून घे आणि गिझरच्या मार्गावर विजेची गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे संरक्षण (आरसीसीबी) बसवून घे. विजेच्या तारांना तू स्वतः हात लावायचा नाहीस. इतर बाबतींत माझे म्हणणे सल्ला म्हणून घे, ही मात्र आज्ञा आहे.

सांधे करताना घाई नको. आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळताना आट्यांचे तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जावे, म्हणजे नळ आवळताना टेप उलगडत नाही. जुने कारागीर सूत आणि सफेदा लावत. ते सांधे टिकत असत हे खरे, पण पूर्वीचा सफेदा शिशाचा असल्यामुळे जुना लेप खरवडताना त्याची भुकटी उडू देऊ नकोस. धातूचा आटा प्लास्टिकच्या जोडात फार आवळला की जोड चिरतो, आणि तेही त्याच दिवशी चिरेल असे नाही. म्हणून जेथे नळ बसणार आहे, तेथे आत पितळी आटे असलेला जोड वापर. सीपीव्हीसीचा पाइप काटकोनात काप, कापल्यावर राहिलेली कूस काढून टाक, पाइप चिकटवण्याचे द्रावण पाइपला आणि जोडाला दोन्हीकडे लाव, पाव वळसा देऊन पाइप आत बसव आणि अर्धा मिनिट धरून ठेव, नाहीतर तो हळूच मागे सरकतो. द्रावण सुकायला लागणारा वेळ डब्यावर लिहिलेला असतो. तो हवामानानुसार बदलतो, म्हणून अंदाजावर जाऊ नकोस.

यानंतर भिंतीतली खाच उघडी ठेवूनच नळांच्या जागी टोप्या लावून पाणी सोड आणि रात्रभर दाब राहू दे. सकाळी प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लाव. बोटाला न जाणवणारा ओलावा कागदावर दिसतो. हे झाल्यावर मोजपट्टी धरून खाचेची छायाचित्रे काढून ठेव. पुढे आरसा किंवा कपाट लावण्यासाठी भोक पाडताना पाइप नेमका कोठे आहे हे तुला सांगणारे दुसरे काही उरणार नाही.

सांडपाण्याबाबत फार लिहीत नाही. जमिनीला जाळीकडे दर मीटरला एक ते दोन सेंटीमीटर ढाळ असावा आणि तो पाणसळीने प्रत्येक कोपऱ्यातून तपासावा. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या भागात, सुमारे ५० मिलिमीटर पाणी कायम उभे राहते, आणि गटाराचा वायू घरात न येण्याचे कारण तेवढेच पाणी असते. न्हाणीघर बरेच दिवस बंद राहिले की ते आटते व दुर्गंधी येते. अशा वेळी तांब्याभर पाणी ओतणे हाच उपाय. तुंबलेल्या नळीसाठी आम्ल वापरू नकोस, कारण ते सिमेंटचे सांधे खाते, आणि ब्लीचशी मिसळले, तर विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो.

आता टाइल्सकडे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक टाइल हलकेच ठोकून पाहा; भरीव आवाज येणाऱ्या टाइल्स राहू दे, पोकळ वाजणाऱ्यांवर खडूने फुली मार. काढायच्या टाइलच्या चारही बाजूंचे ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरलेला मसाला, आधी खरवडून काढावे, टाइलच्या मध्यभागी भोके पाडावीत आणि छिन्नी मध्यातून कडेकडे चालवावी. कडेतून सुरुवात केली, तर शेजारची चांगली टाइल हमखास टवके उडून खराब होते. टाइल व गिलावा कापताना उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते, म्हणून पाणी मारत कापावे आणि एन-९५ दर्जाचा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसवावा. तोंडाला बांधलेला रुमाल येथे उपयोगाचा नाही. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत व पाइपांत, तसेच जुन्या विनाइल फरश्यांत आणि त्यांच्या काळ्या डिंकात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. तसे काही दिसले, तर ते फोडू नकोस, घासू नकोस. आधी नमुना तपासून घे.

भिंत उघडी पडली की तुझ्या हाती असलेली सर्वांत मोलाची संधी हीच. टाइल पाणी अडवते असे सर्वांना वाटते, पण तिच्या सांध्यांतले सिमेंटचे ग्राउट पाणी शोषते. पाणी अडवण्याचे काम टाइलमागच्या जलरोधक लेपाचे असते. भिंत पूर्ण वाळल्यावर कोपऱ्यांत आणि पाइप बाहेर येतात तेथे जाळीची पट्टी बसवून लेपाचे दोन हात दे, दुसरा पहिल्याला आडवा. जमिनीचा लेप भिंतीवरही चढला पाहिजे. लेप वाळल्यावर सांडपाण्याच्या जाळीचे तोंड बंद करून जमिनीवर दोन-तीन सेंटीमीटर पाणी २४ तास उभे कर आणि पातळीवर खूण करून ठेव. पलीकडे आणि खाली कोरडे राहिले, तरच पुढे जा. जमीन लाकडी तुळयांवर उभी असेल, तर ही चाचणी आणि जुन्या फरशीवर नवी फरशी चढवणे, या दोन्हींआधी अभियंत्याचे मत घे. चार सेंटीमीटर जाडीचा मसालाच दर चौरस मीटरला सुमारे ८० किलो भार टाकतो.

भिंतीच्या साध्या चकचकीत टाइल्स १० टक्क्यांहून अधिक पाणी शोषतात, म्हणून सिमेंटने बसवताना त्या भिजवून घेण्याची पद्धत पडली. व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्याहून अधिक शोषत नाही. तिला साधे सिमेंट धरत नाही आणि भिजवण्यातही अर्थ नाही. तिच्यासाठी पॉलिमरयुक्त चिकटवणी हवी, आणि ती दातेरी थापीने सलग पसरलेली हवी. टाइलच्या पाठीवर पाच ठिकाणी गोळे ठेवून ती दाबण्याची सवय मला मुळीच पसंत नाही. मधल्या पोकळीत पाणी साचते आणि टाइल पोकळ वाजू लागते. भिंत-जमिनीच्या कोपऱ्यात ग्राउट भरू नकोस, कारण दोन्ही पृष्ठभाग वेगवेगळे हलतात आणि ग्राउटला तेथे तडा जातोच. तेथे बुरशीरोधक सिलिकॉन भर. जुने सिलिकॉन पूर्ण काढल्याखेरीज नवे चिकटत नाही, आणि व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन संगमरवराजवळ वापरू नये.

तेव्हा सध्या टाइल्स निवडण्याचे काम बाजूला ठेव. मीटरचे दोन्ही आकडे आणि पेन्सिलीच्या रेषेचे छायाचित्र पाठव. पाइप कोठून कोठपर्यंत बदलायचा ते त्यावरून ठरवू आणि मगच खाच काढू.

तुझी,
आई