गर्दीतल्या बायकांनाही संवाद द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाडच्या सत्याग्रहावरचं, म्हणजे १९२७ मध्ये अस्पृश्यांनी गावच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी बाबासाहेब आंबेडकरांबरोबर दिलेल्या लढ्यावरचं, एक नवं नाटक नुकतंच पाहिलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. मंडळी मनापासून काम करणारी आहेत आणि मला जे म्हणायचं आहे ते या विषयावरच्या आजवर पाहिलेल्या जवळजवळ सगळ्याच नाटकांना लागू आहे. मी हौशी नाटकमंडळींची वेशभूषा सांभाळते. त्यामुळे पडदा उघडला की माझी नजर आधी कपड्यांवर जाते.

पहिला प्रवेश मार्च १९२७ मधला, परिषदेच्या आदल्या रात्रीचा. वस्तीतल्या सगळ्या बायका घोट्यापर्यंत पायघोळ नऊवारी नेसून, गळ्यात ठसठशीत मणी-डोरलं घालून बसलेल्या. शेवटचा प्रवेश २५ डिसेंबरच्या रात्रीचा, मनुस्मृती जाळण्याचा. त्यातही त्याच बायका, तशाच लुगड्यांत. म्हणजे आधी आखूड आणि मग पायघोळ, असा बदल त्यांच्या आयुष्यात घडलाच नाही!

घडलं होतं ते असं. मनुस्मृती जाळल्यानंतर दोन दिवसांनी, डिसेंबरची परिषद आटोपताना बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. तुमची लुगडं नेसायची तऱ्हा, गळ्यातल्या गळसऱ्या आणि हातातल्या कोपरापर्यंतच्या कथलाच्या गोटपाटल्या यांवरून लोक तुमची जात ओळखतात, तेव्हा हे सोडा, स्वच्छ राहा, मुलींना शाळेत घाला, असं त्यांनी सांगितलं. आणि बायकांनी ते लगेच, महाडातच ऐकलं. लुगडी सोडून पुन्हा नेसली. आखूड न नेसता अंगभर कसं नेसायचं ते दाखवायला चळवळीतले सवर्ण सहकारी चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या बायका पुढे झाल्या. माझी आजी मंडणगडकडची. पोटरीखाली लुगडं नेसायची हिंमत गावातल्या बायकांना त्या सालानंतर आली, असं ती सांगायची. कुणी काय नेसावं हे जिथे गाव ठरवतं, तिथे निऱ्या चार बोटं खाली सोडणं म्हणजे गावाशी उघड भांडण घेणं. असा प्रवेश नाटककाराला आयता मिळतो. तरी तो मला एकाही नाटकात दिसला नाही. बायका रंगमंचावर असतात त्या घोषणा द्यायला, नाहीतर डोळ्याला पदर लावायला.

पुरुषांच्या बाबतीतही फार वेगळं नाही. बाबासाहेबांचं काम करणारा नट गुणी होता, आवाज भारदस्त. पण नाटकभर तो एकटा बोलतो आणि बाकीचे ऐकतात. रामचंद्र बाबाजी मोरे एका वाक्यापुरते येतात आणि जातात. महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला तेव्हा शाळकरी वयात वर्तमानपत्राला पत्र लिहिणारा हा मुलगा. पुढे विशीतच त्याने महाडला परिषद भरवायचा ध्यास घेतला. गावोगाव बैठका झाल्या, पेन्शनीत निघालेले जुने शिपाई गोळा झाले, तेव्हा कुठे १९ मार्चला ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद उभी राहिली. त्या परिषदेसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं होतं. तळं गावात, पाणी आटलेलं नाही, आणि जमलेल्या माणसांना ते पैसे मोजून दुसऱ्यांकडून भरून घ्यावं लागतं! पाणी ओतणारा, पैसे मोजणारा आणि तहानलेला म्हातारा पेन्शनर अशी तीन पात्रं उभी केली तर निवेदकाच्या त्या लांबलचक प्रस्तावनेची गरजच उरत नाही.

धर्माच्या नावाने झालेला जुलूम नाटकात ठळक आहे. परिषदेला आलेले लोक विरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठवून त्यांच्यावर केलेला हल्ला आहे, शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध केल्याचा प्रसंगही आहे आणि तो चांगला बसवला आहे. पण कागदावर झालेला जुलूम पार गाळला आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ ला मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तो मान्य करून तळं खुलं केलं. लोक खरोखर पाणी प्यायले, आणि १९२७ च्या त्याच ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग तळं खासगी मालकीचं आहे असा दावा कोर्टात गेला आणि १४ डिसेंबरला मनाई हुकूम आला. नगरपालिकेच्या सभेत हात वर होताहेत, खाली बसून कारकून लिहितो आहे, एवढं दाखवलं तरी काळजात धस्स होईल. देवळाच्या पायरीवरच्या दांडगाईपेक्षा मला ही सभा जास्त भीतिदायक वाटते, कारण तिथे कुणी ओरडत नाही.

डिसेंबरमध्ये बाजाराने बहिष्कार घातला, म्हणून धान्य बाहेरून आणून साठवावं लागलं. अनंतराव चित्रे आधीपासून महाडात ठाण मांडून होते. परिषदेला जागा मिळेना, ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली आणि दबाव येऊनही तो मागे सरला नाही. मुंबईची मंडळी ‘पद्मावती’ बोटीने दासगावला उतरली आणि तिथून चालत महाडला आली. नाटकात यातलं फत्तेखानाचं नावसुद्धा नाही.

एवढी हजारो माणसं जमलेली असताना कोर्टाच्या हुकुमामुळे सत्याग्रह तहकूब करायचा निर्णय झाला. पाण्याला न शिवता तळ्याभोवती मिरवणूक काढून लोक परतले. घरदार सोडून तुरुंगात जायच्या तयारीने आलेल्या माणसांनी हे कसं मान्य केलं असेल? नाटकाचा खरा पेच हा आहे. तो सोडून लाल उजेडात होळी आणि टाळ्या, असा शेवट केला आहे. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. मधली नऊ वर्षं तारखा पडत होत्या, आणि हे सांगणारी एक ओळही नाटकात नाही.

पात्रं वाढली की खर्च वाढतो हे मला ठाऊक आहे. भाड्याचे कपडे, तालमींचा चहा, एसटीचं भाडं, सगळं मी जवळून पाहते. पण भीमराव कर्डकांसारखे जलसाकार, म्हणजे गाण्यांतून आणि संवादांतून चळवळ सांगणारे कलावंत, १९३०च्या दशकात मोजक्या माणसांच्या संचात हाच विषय गावोगाव नेत होते. ढोलकी, एक दोन सोंगाडे, प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा. त्या रूपात साधा माणूसच बोलतो, त्यामुळे नेता आपोआप माणसांत येतो. आजच्या दिग्दर्शकांनी त्याकडे वळून पाहावं.

या नाटकाचे पुढे दौरे आहेत असं कळतं. त्यांना एवढीच विनंती, की शेवटच्या प्रवेशानंतर पाच मिनिटं काढा. दोघीतिघी बायका रंगमंचावर येऊन हातातल्या कथलाच्या पाटल्या उतरवू देत, आखूड लुगडं सोडून पायघोळ नेसू देत आणि नेसताना एकमेकींशी बोलू देत. आतल्या साडीवर लुगडं आखूड कसं बांधायचं, प्रेक्षकांसमोर ते अंग न उघडता कसं सोडायचं आणि पुन्हा कसं नेसायचं, हे शिकवायला मी तालमीला येईन. मानधन नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे आहे, तो त्यांना जरूर द्यावा.

आपली नियमित वाचक,
हौशी रंगभूमीवरची एक वेशभूषाकार