संगणक मंद नव्हे, खोळंबलेला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा डेस्कटॉप सुरू व्हायला फार वेळ लागतो, अशी तक्रार करणाऱ्या एका वाचकाला आपल्या तंत्रज्ञान सदरात दोन उपाय सुचवले होते: जुनी डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा, नाहीतर सगळे पुसून सिस्टीम नव्याने टाका. दोन्हींनी कधीकधी गुण येतो, हे मान्य. पण नाडी न पाहता औषध देण्यातला हा प्रकार आहे. मी स्वतः त्यात पोळलो आहे, म्हणून लिहितो.

अर्ध्या मिनिटात लॉगिनपर्यंत येणारा माझा डेस्कटॉप एके दिवशी अडीच मिनिटे घेऊ लागला. एसएसडी आधीपासूनच होती, त्यामुळे तो उपाय बादच. मग कुठेकुठे वाचलेल्या सल्ल्यांवरून मी चार-पाच सेवा, म्हणजे पडद्याआड चालणारे प्रोग्राम, बंद केल्या. त्यात छपाईचीही सेवा गेली, प्रिंटर दिसेनासा झाला आणि सुरू होण्याचा वेळ होता तेवढाच राहिला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

शेवटी एक साधी गोष्ट केली. सुरू होताना पडद्यावर जो लोगो फिरत असतो, तो एस्केपची कळ दाबून बाजूला सारला. मागे ओळी सरकत होत्या आणि एका ओळीपाशी सगळे थांबले होते. एका डिस्क-विभागाची वाट पाहणे चालू होते. शेजारी सेकंद मोजले जात होते आणि मर्यादा लिहिली होती दीड मिनिट.

हे दीड मिनिट म्हणजेच निदान. लिनक्सच्या बहुतेक वितरणांत (उबुंटू, डेबियन अशा तयार आवृत्त्यांत) सुरुवातीचा सगळा कारभार सिस्टमडी नावाची प्रणाली पाहते. २०१० साली ती आली, त्याआधीच्या पद्धतीत स्क्रिप्ट बहुधा एकामागून एक चालत. सिस्टमडी शक्य तितकी कामे एकाच वेळी सोडते, पण एखादे उपकरण हजर होत नसेल तर ठरावीक मुदतीपर्यंत थांबते. ही मुदत मुळात ९० सेकंदांची असते. म्हणून रोजचा उशीर मोजून बघावा. तो दर वेळी तंतोतंत तेवढाच, आणि तोही ३० किंवा ९० असा नेटका आकडा असेल, तर यंत्र काम करत नसून कोणाची तरी वाट पाहत आहे असे समजावे. खरे काम कधी ४१ सेकंद घेते, कधी ४७.

माझ्याकडे झाले होते ते असे. त्याच संगणकावर मी दुसरे एक वितरण टाकून पाहिले होते. त्याच्या इन्स्टॉलरने स्वॅपचा विभाग (मेमरी अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) नव्याने फॉरमॅट केला, त्यामुळे त्याचा यूयूआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, बदलला. सुरू होताना कोणते डिस्क-विभाग जोडायचे याची यादी ज्या एफएसटॅब फाइलमध्ये असते, तिच्यात जुन्या सिस्टीमवर मात्र आधीचाच क्रमांक होता. जो विभाग आता अस्तित्वातच नव्हता, त्याची रोज ९० सेकंद प्रतीक्षा!

क्रमांक दुरुस्त केला आणि दीड मिनिट वाचले. तरी अर्धे मिनिट उरलेच. 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ' ही आज्ञा दिली (टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत), तेव्हा फर्मवेअर (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम), बूटलोडर (सिस्टीम डिस्कवरून उचलणारा), कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि पुढची सिस्टीम यांचा वेळ वेगवेगळा दिसला. जास्तीचे ३० सेकंद कर्नलच्या खात्यावर होते. माझे वितरण डेबियनच्या घराण्यातले. हायबरनेटमधून, म्हणजे मेमरीतले सगळे डिस्कवर ठेवून बंद केलेल्या स्थितीतून, परत येण्यासाठी कोणता स्वॅप पाहायचा, याची नोंद तिथे इनिट-रॅम-एफएसमध्ये (कर्नलसोबत आधी मेमरीत चढणाऱ्या छोट्या प्रतिमेत) वेगळी असते, आणि तिथेही जुनाच क्रमांक बसला होता. तो बदलून ती प्रतिमा नव्याने बनवल्यावर संगणक पुन्हा अर्ध्या मिनिटावर आला.

याच आज्ञेला 'ब्लेम' जोडले की सेवांची वेळेनुसार यादी मिळते आणि पुष्कळजण तिथेच फसतात. मीही तिच्यावरूनच सेवा बंद केल्या होत्या. वर दिसणारी सेवा दोषी असतेच असे नाही, ती दुसऱ्या कोणासाठी ताटकळत असू शकते. नेटवर्क जोडले जाण्याची वाट पाहणारी सेवा पुष्कळदा यादीत वर असते, पण लॉगिन तिच्यावर अडलेले नसेल तर ती बंद करून काही हाती लागत नाही. माझा खरा अपराधी तर यादीत नव्हताच, कारण जे सुरूच झाले नाही त्याला वेळ कसली लागणार? 'क्रिटिकल-चेन' जोडले तर कोण कोणासाठी थांबले याची साखळी दिसते. 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने दिसणाऱ्या त्या बूटच्या, म्हणजे त्या वेळच्या सुरुवातीच्या, नोंदी वाचल्या, तर मुदत संपल्याची ओळ सापडते.

फर्मवेअरपुढचाच आकडा मोठा असेल तर लिनक्सला बोल लावू नये, बायोसच्या सेटिंगमध्ये पाहावे. डिस्क खरोखर दोषी असेल तर ती इतरत्रही चुगली करते: लॉगिननंतर ब्राउझर उघडायलाही वेळ लागतो, कर्नलच्या नोंदींत वाचनाच्या चुका दिसतात. अशा वेळी सदरातला एसएसडीचा सल्ला योग्यच, फक्त त्याआधी बॅकअप घ्यावा.

एफएसटॅबला हात लावण्यापूर्वी तिची प्रत ठेवावी. तिथली एक चूक थेट आणीबाणीच्या पडद्यावर नेऊन सोडते, जिथे डेस्कटॉप न येता फक्त आज्ञा टाइप करता येतात. नेहमी जोडलेल्या नसणाऱ्या डिस्कच्या ओळीत 'नोफेल' हा पर्याय घातला, तर तिच्यावाचून सुरुवात अडत नाही.

त्या वाचकाने 'सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ'चे उत्तर आणि बूटच्या नोंदी सदराकडे पाठवल्या, तर सदरलेखकांना नेमके काही सांगता येईल. डिस्कची खरेदी तोवर लांबणीवर टाकायला हरकत नाही.

आपला,
एक नियमित वाचक