तारवटी (जहाजावर नोकरी केलेल्या) काकांना, मोरजीहून

काका, नमस्कार.

हे खरं तर फोनवरच सांगायचं होतं, पण फोनवर मला रडू येतं आणि मग तुम्ही "पुरे गो" म्हणून विषय बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता बदला विषय.

धाकट्या भावाचे टाके परवा काढले. सात होते. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून आठवडासुद्धा झाला नव्हता, पहाटे तिघंजण होडी घेऊन निघाले आणि शापोरा नदीच्या तोंडावर जिथे रेती साचून पाणी उथळ होतं ना, तिथेच नेमकं इंजिन बंद पडलं, होडी आडवी झाली, लाट बाजूने आली, झालं. दोघं उलट्या होडीला धरून राहिले. आमच्याच्या डोक्यात होडीची कड बसली, पुढचं त्याला काहीच आठवत नाही. मागून येणाऱ्यांनी उचललं तेव्हा तो उताणा तरंगत होता, तोंड आभाळाकडे, अंगात तुम्ही दिलेलं नारंगी जॅकेट. पोहायला त्याला चालायच्या आधीपासून येतं असं आई सगळ्यांना सांगते, पण शुद्ध गेलेल्या माणसाला पोहता येत नाही एवढी साधी गोष्ट आमच्या घरात कधी कुणाला सुचलीच नव्हती.

तुम्हाला माहितीय हे जॅकेट प्रकरण आमच्याकडे किती हास्यास्पद होतं ते. लाईफ जॅकेट म्हणजे बनाना राईडवरचे टुरिस्ट. गरम होतं, जाळं ओढताना अडकतं, आणि घालून गेलं की जेटीवर पोरं विचारणार, "काय रे, दिल्लीहून आलास?" तुम्ही मापशाहून तीन जॅकेटं आणून आमच्या सोप्यावर खिळ्याला लावलीत तेव्हा बाबा म्हणाले होते, तारवटीला पेन्शन जास्त झालीय. वर्षभर ती तिथेच होती. मांजर झोपायची त्यातल्या एकावर.

मग जूनमधली ती रात्र, लाईट गेलेली, पाऊस, आणि तुम्ही इंग्लंडमधल्या व्हिटबीची गोष्ट काढलीत.

खरं सांगू, मला अर्धी थाप वाटली होती. तारवट्यांच्या गोष्टींतला मासा दर वर्षी हातभर वाढतो. जहाज मिडल्सबरोच्या बाजूला बंदराला लागलेलं, सुट्टीच्या दिवशी बाकीचे दुकानं फिरायला गेले आणि तुम्ही म्हणे बस पकडून एका छोट्या गावातलं लाईफबोटीचं म्युझियम बघायला गेलात! पण नंतर मी शोधून वाचलं, सगळं तसंच. एस्क नदीच्या तोंडावरचं मासेमारीचं गाव, १८०२ पासून तिथे लाईफबोट. १८६१ च्या ९ फेब्रुवारीला असं वादळ झालं की एकामागून एक जहाजं किनाऱ्यावर येऊन आपटत होती, आणि त्याच बोटीतून तीच माणसं पाच वेळा जाऊन पाच जहाजांवरच्या लोकांना घेऊन आली. सहाव्या वेळी दोन लाटा एकमेकींवर आदळल्या त्यात बोट उलटली. तेरा जण होते. बारा गेले, तेही किनाऱ्यावर उभ्या असलेल्या घरच्या माणसांच्या डोळ्यांसमोर. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन, कारण कॉर्कच्या अरुंद पट्ट्या कॅनव्हासवर शिवलेलं नवीन पद्धतीचं जॅकेट त्या दिवशी फक्त त्याच्या अंगावर होतं. ते जॅकेट वॉर्ड नावाच्या नौदलातल्या कॅप्टनने १८५४ मध्ये तयार केलेलं, म्हणजे वस्तू सात वर्षं जगात होती.

इथे तुम्ही थांबलात आणि खिळ्याकडे बघितलंत. बोलला काही नाहीत. मी बघत होते, धाकट्याने पण बघितलं.

लेक्चर दिलं असतंत तर तो उठून गेला असता हे नक्की. पण तुम्ही सरळ बर्फाच्या गोष्टीवर गेलात. १८८१ चा जानेवारी, रॉबिन हूड्स बे म्हणून जवळचं गाव, तिथे एक जहाज बुडतंय, समुद्र एवढा खवळलेला की व्हिटबीहून बोट पाण्यातून जाऊच शकत नाही. मग त्यांनी लाईफबोट जमिनीवरून नेली! सहा मैल, म्हणजे दहाएक किलोमीटर, डोंगरातून, दोनशे माणसं पुढे बर्फ उपसतायत आणि मागून घोडे बोट ओढतायत. पहिल्या खेपेला वल्ही मोडली, दुसऱ्या खेपेला गेले आणि सहाच्या सहा खलाशी जिवंत आणले, आणि बोटीचा तांडेल कोण, तर हाच फ्रीमन. (फक्त घोडे तुम्ही वीस सांगितलेत, ते अठरा होते. एवढं चालतं.) तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले, "म्हणजे रापणच की." खरंच, रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढताना दोन दोरांना अख्खा वाडा लागलाय असंच डोळ्यासमोर आलं. आणि ज्या संस्थेची ती बोट ती १८२४ पासून मुख्यतः लोकांच्या वर्गणीवर आणि गावातल्या स्वयंसेवकांवर चालते, हे ऐकल्यावर बाबांनी तुम्हाला दुसरा चहा ठेवायला सांगितला. बाबांकडून एवढंच मिळतं.

रोहिल्ला जहाजाची गोष्ट अर्धी राहिली कारण लाईट आली. १९१४ चं इस्पितळ-जहाज, खडकावर चढलेलं, किनारा हाकेच्या अंतरावर पण पोचायला दोन दिवस, आणि वल्ह्यांच्या बोटी हरल्यावर टाईनमथहून इंजिनवाली बोट येऊन शेवटच्या पन्नास जणांना काढते, एवढं मी वाचलंय. पण तुमच्या तोंडून नाही ऐकलं.

आपल्याकडे असं काही स्टेशन नाही. किनाऱ्यावर लाईफगार्ड २००८ पासून आहेत, चांगलं काम करतात, कोस्टगार्डचा १५५४ नंबर आता मी घरात सगळ्यांच्या फोनमध्ये घातलाय. पण पहाटेच्या काळोखात नदीच्या तोंडावर जो पहिला हात येतो तो मागच्या होडीवाल्याचाच असतो, आणि तो हात येईपर्यंतची ती पंधरा मिनिटं तुम्ही आम्हाला दिलीत काका. त्याचे आभार कसे मानतात मला माहीत नाही. हात जोडते.

बाकी खुशाल. उरलेली दोन जॅकेटं पण खिळ्यावर नाहीयेत आता, बाकीचे दोघं घेऊन गेले, परवा जेटीवर कुणीतरी "दिल्ली?" म्हणालं तर धाकट्याने नुसतं डोकं पुढे करून टाके दाखवले. मांजर आमच्यावर रागावलंय.

वास्कोला लेकीकडे किती दिवस राहणार? चवथ झाली की या. आईने सुकी सुंगटं वेगळी काढून ठेवलीयत किसमूरला, आणि धाकटा विचारतोय, त्या जहाजावरच्या उरलेल्या माणसांचं काय झालं.

तुमची,
मोरजीची पोर