दुसऱ्याच्या फरशीवर हाड मोडलं तर जबाबदार कोण? विधी व न्याय मंत्र्यांना खुलं पत्र

मा. विधी व न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य,

साहेब, नमस्कार. मी सांगलीत राहते, शिवणकाम करते. नात्यातल्या लग्नात जेवण झाल्यावर हात धुवायला जाताना मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत ग्रॅनाइटवर सांडलेल्या आमटीवरनं पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं, आत प्लेट घातलीय. मालक दवाखान्यात येऊन चार माणसांसमोर बोलले होते, "ताई, सगळा खर्च आमच्याकडं." परवा बिलं घेऊन गेले तर म्हणाले, "बघून चालायला पाहिजे होतं, आमचा काय संबंध?"

आमटी बराच वेळ तशीच पडली होती, वाढपी ओलांडून जात होते, पुसायला कुणी आलं नाही. वर कॅमेरा आहे, पण फुटेज मागितलं तर म्हणे जुनं आपोआप पुसलं जातं. पोलिस म्हणाले हे सिव्हिल मॅटर आहे. का बरं? भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये निष्काळजीपणानं गंभीर दुखापत केली तर तीन वर्षांपर्यंत कैद लिहिलीय आणि हाड मोडणं गंभीर दुखापतीतच येतं, मग तक्रार घ्यायला काय अडचण होती?

वकिलांनी सांगितलं, जागेच्या मालकानं आलेल्या माणसाची काळजी घ्यायची असं सांगणारा वेगळा कायदाच आपल्याकडं नाही, कोर्टाच्या जुन्या निकालांवरनं भांडायचं. इंग्लंडनं असा कायदा १९५७ सालीच केला. आपल्याकडं दिल्लीतल्या चांदणी चौकातला घंटाघर कोसळलं त्याचा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९६६ चा, तो आजही दाखवतात. बाईला सरकारी मदतीतनं फुकट वकील मिळतो, मान्य, पण आमटी तिथंच सांडली होती हे मी सिद्ध करायचं आणि पुरावा सगळा मालकाच्या खोलीत! ग्राहक आयोगात जावं तर पहिला प्रश्न, हॉलचे पैसे तुम्ही भरले होते का? पाहुणा हा सेवेचा लाभार्थी, म्हणून तोही ग्राहक, हे तिथंही भांडूनच पटवायचं.

रस्त्यावर गाडीनं उडवलं असतं तर मोटार अपघात न्यायाधिकरण होतं, इन्शुरन्स कंपनी होती. खड्ड्यात पडले असते तर ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टानं जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलीय. मी चार पावलं आत, छताखाली पडले म्हणून माझ्या हाडाची किंमत शून्य?

लग्नसराई हीच आमची कमाई हो. कापून ठेवलेले ब्लाऊज बायका परत घेऊन गेल्या, वर्षानुवर्षं येणाऱ्या सुद्धा, त्यांचा तरी काय दोष, लग्न थांबत नाही. आज कात्री धरली की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जाते, सुईत दोरा लेक ओवून देते, केस विंचरायलाही तिलाच हाक मारावी लागते, रात्री कूस बदलली की जाग येते, आणि डॉक्टर म्हणतात पकड पहिल्यासारखी येईलच असं नाही. याचं बिल कुठल्या कागदावर लावू? लाडक्या बहिणीला महिन्याला १५०० रुपये देता, तिचा कमावता हात मोडल्यावर मात्र सरकारचा एक माणूस विचारायला येत नाही.

माझं मागणं एवढंच, लोक येतात अशा प्रत्येक कार्यालयाला, मॉलला, दवाखान्याला सार्वजनिक दायित्व विमा, म्हणजे तिथं कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा, सक्तीचा करा, या विम्याचा १९९१ चा कायदा धोकादायक रसायनांपुरताच आहे, आणि माणूस पडला की त्या दिवसाचं फुटेज जपून ठेवणं मालकावर बंधनकारक करा, नाही ठेवलं तर चूक त्याचीच धरा, आणि परवानगी देतानाच फरशी तपासा.

पण तपासणार कोण? फायरची एनओसी कागदावर मिळते, पार्किंग कागदावर असतं, जिन्याला कठडा नसतो आणि उद्घाटनाला तुमचेच आमदार फीत कापायला येतात. देशातल्या कोर्टात पाच कोटींच्या वर केसेस पडून आहेत. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आलं, चांगलं झालं, सांगलीकरांचा मुंबईचा हेलपाटा वाचला, पण खालच्या कोर्टात माझा दावा दहा वर्षं चालला तर वरचं बेंच जवळ असून मला काय उपयोग? ग्राहक कायद्यात तीन महिन्यांत निकाल द्यायचा असं लिहिलंय, ते किती ठिकाणी पाळलं जातं हे तुमच्याच सरकारनं जाहीर करावं.

मालकांना वकिलाची नोटीस मी पाठवतेय. तुमच्याकडनं मला एवढंच लेखी कळवा, असा कायदा येत्या अधिवेशनात आणणार का नाही.

शिवणकाम करणारी एक बाई,
सांगली