ग्रहताऱ्यांच्या तारखा जरा आधी छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

१४ डिसेंबर २०२५ च्या, म्हणजे रविवारच्या अंकात मिथुन राशीतल्या उल्कावर्षावाची छान चौकट आली होती. चित्र होतं, फेथन नावाच्या लघुग्रहाची माहिती होती, 'आवर्जून पाहा' असा सल्लाही होता. पण पाहायची चांगली रात्र शनिवारची होती आणि अंक दारात पडला तेव्हा उजाडायला आलं होतं. मी वर्तकनगरला दूध टाकतो. साडेतीनच्या सुमारास नाक्यावर क्रेट उतरवून घेताना दोन-चार ठळक उल्का मला आयत्या दिसल्या. माझ्या गिऱ्हाइकांनी त्या चहाबरोबर वाचल्या.

दोष एकट्या आपल्या अंकाचा नाही, सगळीकडे असंच चालतं. 'आज दिसणार' ही बातमी आजच येते. पण पाहणाऱ्याला तयारी लागते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्याच इमारतीचं सांगतो. गच्चीची किल्ली हवी तर सेक्रेटरींना लेखी अर्ज, मग कमिटीची बैठक, मग 'पोरं टाकीवर चढणार नाहीत ना' ही चौकशी. गच्चीवरचा हॅलोजन तासभर बंद ठेवायचा तर वॉचमनला वेगळं सांगावं लागतं. सकाळच्या बातमीवर संध्याकाळी यातलं काही होत नाही.

आणखी एक. बातमीत येणारी यादी बहुतेक वेळा युरोप-अमेरिकेच्या आकाशाची असते. ती ठाण्याला लावली की काय होतं, ते २०२६ चंच पाहा. १२ ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण आहे, ते ग्रीनलंड, आइसलंड, स्पेनला. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतील. त्याच रात्री ययाती तारकासमूहातला उल्कावर्षाव, आणि चंद्राचा अडथळा अजिबात नाही, म्हणून जगभर कौतुक होईल. आपल्याकडे ती आषाढी अमावास्या. त्या रात्री ठाण्यात लोक कशात गुंतलेले असतात ते मी सांगायला नको, आणि वर ढग असतातच. २८ ऑगस्टचं खंडग्रास चंद्रग्रहण नारळी पौर्णिमेला आहे, पण आपल्या सकाळी, चंद्र मावळल्यावर.

३ मार्चच्या ग्रहणाची मला जास्त काळजी वाटते, कारण 'खग्रास चंद्रग्रहण भारतातून दिसणार' असे मथळे नक्की येतील. खग्रास अवस्था आपल्या घड्याळाने संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास संपते, तेव्हा चंद्र उगवलेलाच नसतो. ठाण्यात तो उगवणार पावणेसातच्या आसपास आणि ग्रहण सुटणार ६ वाजून ४७ मिनिटांनी. शिवाय पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि त्याच्या अलीकडे टॉवर. चंद्र नजरेला पडेल तेव्हा तो पौर्णिमेचा साधा चंद्र असेल. हे आधी स्पष्ट छापलं तर लोकांचा हिरमोड तरी होणार नाही.

मग आपल्या वाट्याला काय येतं? भरपूर येतं. १० जानेवारीला गुरू सूर्याच्या बरोबर समोर येतोय. दिवस मावळला की तो पूर्वेला मिथुनेत वर चढायला लागतो आणि रात्रभर असतो. बरी दुर्बीण असेल, हात स्थिर असेल, तर त्याचे चार चंद्र दिसतात. जानेवारीच्या अखेरीस रात्री दहाला दक्षिणेकडे बघा, क्षितिजावर हात लांब करून धरलेल्या दोन मुठींच्या उंचीपेक्षा थोडा खाली अगस्ती असतो. व्याधानंतरचा आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, पण लंडनहून तो कधीच दिसत नाही, म्हणून तिकडच्या याद्यांत त्याचं नाव नसतं. एप्रिल-मे महिन्यांत दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू हा तारकासमूह येतो. त्याला मात्र मुंबईच्या उजेडापासून लांब जावं लागतं. खगोल मंडळ या संस्थेचे वांगणीचे कार्यक्रम त्यासाठीच आहेत.

९ जूनला पश्चिमेला गुरू आणि शुक्र अगदी जवळ येतील, दीड अंशाच्या आसपास. मुंबईत मान्सून यायची सर्वसाधारण तारीख ११ जून धरतात, तेव्हा हा सरळसरळ जुगार आहे. मी म्हणतो, नऊ तारखेची वाट न पाहता पाच-सहा तारखेपासूनच रोज बघायला लागा, जवळ येताना बघण्यातच मजा आहे. आम्हा वर्तकनगरवाल्यांना मधे येऊरचा डोंगर, म्हणून जरा लवकर.

तिथून दसऱ्यापर्यंत आकाश पावसाचं. ४ ऑक्टोबरला शनी असाच सूर्याच्या समोर येतोय, तोवर ढगांनी उघडीप दिली तर ठीक. नाही दिली तरी शनी पुढे दोन-तीन महिने संध्याकाळी दिसत राहतो, घाई नाही.

या सगळ्याला महागडं ॲप लागत नाही, भिंतीवरचं 'कालनिर्णय' पुरतं. वद्य दशमीपासून शुद्ध पंचमीपर्यंतच्या संध्याकाळी ताऱ्यांच्या, शुद्ध अष्टमीच्या आसपास चंद्रावरची विवरं बघायची, पौर्णिमेला ताऱ्यांची आशा सोडायची. सुपरमूनचं म्हणाल तर वर्षातल्या सगळ्यात लहान पौर्णिमेपेक्षा तो फार तर चौदा टक्के मोठा दिसतो, आणि शेजारी ठेवून मोजायला दुसरा चंद्र नसतो. तेवढी जागा दुसऱ्या कशाला द्यावी. 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' हा २००३ पासून दर ऑगस्टला उगवणारा निरोपही तुम्ही एकदा जुलैतच खोडून काढा.

हे अशक्य नाही, कारण शून्य सावलीच्या, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होते त्या दिवसाच्या बाबतीत तुम्ही ते करताच. मुंबई १५ मे, ठाणे १६ मे, अशी गावांची यादी आगाऊ येते आणि शाळा भर दुपारी पोरांना मैदानात उभं करतात. आपल्या ठाण्याचे दा. कृ. सोमण पंचांग आणि खगोल दोन्ही सोपं करून सांगत आलेत, म्हणजे जाणकार शोधायला लांब जायला नको. मी माझ्यापुरतं दुधाच्या महिन्याच्या बिलामागे एक ओळ लिहून देतो. बिल थकवणारे काही जणही ती ओळ वाचून रात्री गच्चीवर दिसतात.

२०२६ चा मिथुनेतला वर्षाव १३ डिसेंबरच्या, रविवारच्या रात्री आहे. चंद्र दहाच्या आसपास मावळतोय, नंतर उजाडेपर्यंत अंधार, आणि दोनच्या सुमारास मिथुनेतलं पुनर्वसू नक्षत्र जवळजवळ डोक्यावर. याहून सोयीची रात्र मागून मिळणार नाही. ती बातमी कृपया नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात छापा, म्हणजे आमच्या कमिटीच्या बैठकीत कात्रण दाखवता येईल. आणि एरवी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार ओळी पुरेत. जागा नसेल तर राशिभविष्यातून काढा, माझी तक्रार येणार नाही.

आपला,
एक दूधविक्रेता, वर्तकनगर, ठाणे (प.)